एसीचा गॅस संपत नसतो

मार्च सरत आला की दुर्ग-भिलईपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंतच्या तापत्या पट्ट्यात एक वाक्य घरोघर ऐकू येते : एसी थंड करत नाही, गॅस संपला असणार. भिलईच्या दक्षिणेला असलेले उतई हे छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातले नगर पंचायतीचे गाव. तिथेही आता एसीचे राखाडी पत्र्याचे आउटडोअर भिंतीभिंतींवर दिसतात, आणि त्यांच्याबरोबर हे वाक्यही आलेच आहे. मेकॅनिक येतो, जाड नळीच्या व्हॉल्व्हला गेज लावतो, खाली उतरलेला काटा दाखवतो, सिलिंडरमधून गॅस सोडतो आणि दोन-तीन हजारांचे बिल करून जातो. महिनाभर खोली गार राहते, म्हणजे निदान बरोबर ठरले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. स्कूटरला पेट्रोल लागते तसा एसीला गॅस लागतो, तो वापरून संपतो आणि दर उन्हाळ्यात भरावा लागतो, अशी समजूत यातून पक्की झाली आहे. ही समजूत मुळापासून चुकीची आहे. ती टिकून राहण्यामागे एकच कारण आहे : बसवायच्या दिवशी जे काम झाले पाहिजे ते होत नाही, आणि त्या दिवशी वाचवलेल्या पाऊण तासाची किंमत घरमालक पुढची दहा वर्षे हप्त्याहप्त्याने फेडत राहतो.

आधी या समजुतीला उत्तर देऊ. एसीत गॅस जळत नाही, झिजत नाही, हवेत मिसळून वाऱ्याबरोबर बाहेर पडत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो : आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो आणि परत आत येतो. दहा हजार फेऱ्या झाल्या तरी जितका भरला तितकाच उरतो. याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो स्वयंपाकघरात उभा आहे. फ्रिज त्याच तत्त्वावर चालतो, वर्षाचे बारा महिने आणि दिवसाचे चोवीस तास चालतो, आणि पंधरा-पंधरा वर्षे त्यात कोणी एक ग्रॅम गॅस भरत नाही. खिडकीत बसणारे जुने एसीही वर्षानुवर्षे तसेच चालत आले. मग हा वार्षिक खर्च स्प्लिट एसीच्याच वाट्याला का यावा? गॅस खाणे हा यंत्राचा स्वभाव असता, तर सर्वांत जास्त तास चालणाऱ्या फ्रिजने सर्वांत जास्त खाल्ला असता. फरक यंत्राच्या स्वभावात नाही, जोडणीत आहे. फ्रिजच्या आणि खिडकी-एसीच्या नळ्यांचे सगळे जोड कारखान्यात झाळून, तपासून बंद होतात. स्प्लिट एसी मात्र कारखान्यातून दोन अर्ध्या यंत्रांच्या रूपात बाहेर पडतो. त्याचे निदान चार जोड, दोन आत आणि दोन बाहेर, तुमच्या भिंतीवर, शिडीवर उभ्या माणसाच्या हाताने होतात. गॅस निसटतो तो बहुतेक वेळा याच चार जागांतून.

हा जोड कसा होतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. तांब्याची नळी कटरने कापली की कडेला आतल्या बाजूने धारदार पापुद्रा राहतो. तो रीमरने काढताना नळीचे तोंड खाली धरावे लागते, नाहीतर तांब्याचा कीस नळीत पडतो आणि पुढे कॉम्प्रेसरपर्यंत जातो. मग नट आधी नळीत सरकवून (हे विसरले की सगळे पुन्हा करायचे) फ्लेअरिंग टूलने तोंड फुलासारखे उमलवायचे. ते चारी बाजूंनी सारखे, गुळगुळीत आणि चरा न पडलेले हवे. त्यावर कॉम्प्रेसरच्या तेलाचा थेंब लावायचा, नट आधी हाताने पूर्ण फिरवायचा आणि शेवटी दोन पान्यांनी आवळायचा. तो किती आवळायचा हे अंदाजाचे काम नाही. पाव इंची नळीच्या नटाला सुमारे १६ न्यूटन-मीटर, अर्धा इंची नळीच्या नटाला सुमारे ५५. हे मोजणारा टॉर्क पाना बाजारात मिळतो. सैल राहिलेला नट गळतो हे सगळ्यांना कळते. जास्त आवळलेला नट मऊ तांबे चिरडून पातळ करतो आणि यंत्राच्या रोजच्या थरथरीने तिथे बारीक भेग पडते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून ‘आमचा माणूस ताकदीचा आहे, घट्ट बसवतो’ हे आश्वासन म्हणून पुरेसे नाही.

जोडानंतरचे काम व्हॅक्यूमचे. नव्या नळ्यांत आणि आतल्या कॉइलमध्ये हवा असते आणि हवेत बाष्प. ती काढायची रीत म्हणून अनेक ठिकाणी आउटडोअरचा बारीक व्हॉल्व्ह क्षणभर उघडतात, जाड नळीचा नट किंचित सैल ठेवतात, फुस्स आवाज होऊन गॅस बाहेर आला की हवा गेली असे मानतात आणि नट आवळतात. या रीतीचा बचाव असा की कंपनीने गॅस थोडा जास्तच भरून दिलेला असतो, आणि वर्षानुवर्षे असेच करून हजारो एसी चालले आहेत. हा बचाव नीट तपासायला हवा, कारण तो खोटेपणाने केलेला नाही. आर-२२ गॅसच्या काळात ही सवय पडली. त्या यंत्रांतले खनिज तेल ओलावा फारसा धरत नसे आणि दाबही कमी असे. आज घरगुती एसीत मुख्यतः आर-३२ आहे. त्याचा सक्शनचा दाब आर-२२ च्या जवळपास दुप्पट असतो. शिवाय त्याच्याबरोबर वापरले जाणारे कृत्रिम तेल ओलावा अधाशासारखे शोषते, ओलाव्याने फुटून आम्ल बनते, आणि ते आम्ल कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचे वार्निश खाते. फुस्स करून सोडलेला गॅस हवेचा मोठा भाग ढकलून नेतही असेल, पण नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला ओलावा तो हलवू शकत नाही. त्याला एकच उपाय आहे : दाब इतका उतरवायचा की पाणी नळीतल्या नळीत वाफ होऊन पंपातून निघून जाईल. हवेचा नेहमीचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो. चांगले व्हॅक्यूम तो ५०० मायक्रॉनपर्यंत आणते, आणि त्या दाबावर पाणी शून्याखाली वीसेक अंशांवरही वाफ होते. पंप बंद केल्यावर काटा तिथेच थांबला तर जोड पक्के आहेत. वर सरकू लागला तर गॅस सोडण्याआधीच गळती किंवा उरलेला ओलावा सापडला. म्हणजे व्हॅक्यूम ओलावा काढते आणि त्याच वेळी जोडांची परीक्षाही घेते. नायट्रोजनने दाब देऊन, साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहिले तर ती परीक्षा आणखी कडक होते. फुस्स करणाऱ्या रीतीत कसलीच परीक्षा नाही. गळती असेल तर ती मार्चमध्ये, गिऱ्हाइकाच्या खर्चाने कळते.

आता मेकॅनिकांचा सर्वांत ठाम दावा : गेजचा काटा खोटे बोलत नाही, दाब कमी म्हणजे गॅस कमी. काटा खोटे बोलत नाही हे खरे, पण त्याला विचारलेला प्रश्न चुकीचा असतो. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग सतत बदलतो आणि वेगाबरोबर सक्शनचा दाबही बदलतो. त्याच यंत्रात, तितक्याच गॅसवर, दहा मिनिटांच्या अंतराने दोन वेगळे आकडे दिसू शकतात. फिल्टर धुळीने बुजला असेल, आतला ब्लोअर मळलेला असेल, तरी कॉइलवरून हवा कमी जाते, गॅस कमी उकळतो आणि काटा खाली येतो. अशा वेळी कॉइलवर बर्फही धरतो आणि तो बर्फ पाहून ‘गॅस शॉर्ट’ असा निकाल दिला जातो. फिल्टर धुतला असता तर फुकटात सुटला असता असा दोष गॅस भरून आणखी बिघडतो, कारण आता यंत्रात गरजेपेक्षा जास्त गॅस आहे आणि द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरू लागतो. गॅस किती आहे हे सांगणारी खरी मोजणी वजनाची. आउटडोअरच्या पाटीवर ग्रॅमचा आकडा छापलेला असतो, आणि ठरावीक लांबीपुढच्या दर मीटर नळीसाठी किती ग्रॅम वाढवायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत असते. शंका असेल तर उरलेला गॅस काढून घ्यावा, गळती शोधून बंद करावी, व्हॅक्यूम करावे आणि वजनकाट्यावर तोलून पाटीवरच्या आकड्याइतका गॅस भरावा. गळती न शोधता वरून गॅस ओतणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. त्याचे बिल दुरुस्ती म्हणून लावणे चूक आहे.

दुसरा आक्षेप या भागाचा खास आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, कारखान्यांची धूळ हवेत असते, अशा ठिकाणी गॅस उडणारच. उष्णतेने गॅस उडत नाही, दाब वाढतो. बाहेर ४५ अंश असताना बाहेरच्या कॉइलमध्ये गॅसला साठच्या आसपास तापमानाला द्रव व्हावे लागते, आणि आर-३२ चा त्या तापमानाचा दाब साडेपाचशे पीएसआयच्या घरात जातो. चांगला जोड हा दाब सहज पेलतो, कच्चा जोड पेलत नाही. म्हणजे उन्हाळा गळती निर्माण करत नाही, बसवायच्या दिवशी केलेली चूक उघडी पाडतो. नळ्यांत हवा राहिली असेल तर स्थिती याहून वाईट. हवा द्रव होत नाही, ती बाहेरच्या कॉइलमध्ये जागा अडवून बसते, दाब आणखी चढवते, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि भर दुपारी, जेव्हा त्याची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हाच ट्रिप होतो. धुळीचेही तसेच. धूळ गॅस खात नाही, पत्र्याच्या पात्यांमध्ये बसून उष्णता कोंडते. त्यावर पाण्याची हलकी धार मारणे हा उपाय आहे, सिलिंडर नाही. पश्चिमेच्या भिंतीवर, पत्र्याच्या छपराखाली, तीन बाजूंनी कोंडून बसवलेला आउटडोअर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. त्याला सावली हवी, पण समोर मोकळी जागा त्याहून जास्त हवी. ताऱ्यांच्या पाटीवरचा आयएसईईआर हा कार्यक्षमतेचा आकडा २४ ते ४३ अंशांच्या बाहेरच्या तापमानावर आणि वर्षाला १६०० तास वापरावर काढलेला असतो, तोही पुरेपूर गॅस भरलेल्या यंत्राचा. उतईचा मे त्या पट्ट्याबाहेर जातो. अशा ठिकाणी पाच तारे विकत घेऊन कच्च्या जोडाने त्यांतले दोन बसवायच्या दिवशीच घालवणे परवडणारे नाही.

ज्या परिसरात ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, त्या परिसरात हे सांगावे लागते याचे वाईट वाटते. पोलाद कारखान्यात कोक भट्ट्यांचा वायू वाहून नेणारी नळी कोणी अंदाजाने जोडत नाही, ‘फुस्स झाले, आता ठीक’ म्हणून चालू करत नाही. दाब, गळती, वेल्डची परीक्षा या गोष्टी भिलईच्या दोन पिढ्यांना पाठ आहेत, रोजगारासाठी विदर्भातून तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांनाही. कारखान्यात जे ज्ञान दरवाजापाशीच विचारले जाते ते घराच्या गच्चीवर कोणी विचारत नाही. कारखान्याचे क्वार्टर सोडून स्वतःच्या घरात जाताना काढून नेलेल्या एसीच्या बाबतीत तर हा निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. एसी हलवताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. त्या वेळी नट सैल असेल किंवा कॉम्प्रेसर वेळेवर बंद केला नाही, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा आणि तेलाचे ते मिश्रण दाबाखाली पेट घेऊ शकते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. आर-३२ स्वतःही मंद का होईना, ज्वलनशील आहे. कोंदट बाल्कनीत तो मोकळा सोडून शेजारी झाळण्याची बत्ती पेटवणे हे कौशल्य नव्हे.

हिवाळ्याची गोष्ट इथे येते, आणि ती मला विशेष महत्त्वाची वाटते. हॉट अँड कोल्ड स्प्लिट म्हणजे खरा हीट पंप. एका चतुर्मार्गी व्हॉल्व्हने गॅसची दिशा उलटते, आतली कॉइल गरम होते, बाहेरची गार, आणि बाहेरच्या थंड हवेतली उष्णता खोलीत आणली जाते. असे यंत्र सिमला-काश्मीरसाठी, छत्तीसगडच्या मैदानात त्याचे काय काम, असे म्हटले जाते. उलट आहे. जिथे बर्फ पडतो तिथे हीट पंपाला झगडावे लागते. बाहेरची कॉइल गोठते, ती वितळवायला यंत्र मध्येच थांबते. उतईत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि हे तापमान त्याच्या अगदी सोयीचे आहे. दोन हजार वॉटचा रूम हीटर दोन हजार वॉटचीच ऊब देतो, त्याहून जास्त देणे भौतिकशास्त्रात बसत नाही. चांगला बसवलेला हीट पंप तितकीच ऊब पाचशे-सहाशे वॉटमध्ये देतो, कारण तो उष्णता बनवत नाही, उचलून आणतो. छत्तीसगडची वीज मुख्यतः कोळशाची आहे. हीटरवाल्या घरासाठी कोरब्यात तिपटीहून जास्त कोळसा जळतो. वर्षातले दीड-दोन महिनेच थंडी असते म्हणून त्यासाठी वेगळे यंत्र घेऊ नका, हे मान्य. पण एसी घ्यायचाच असेल तर तोच दोन्ही कामे करील असा घेणे शहाणपणाचे. मात्र हा सगळा हिशेब गॅस पुरा आहे या गृहीतकावर उभा आहे. गळका हीट पंप हिवाळ्यातही अपुराच पडतो, आणि तिथे चुकीचे निदान आणखी सोपे होते. उन्हाळ्यात गार राहणारी जाड नळी आता गरम असते, गेजच्या त्याच तोंडाला आता उच्च दाब लागतो, आणि एखाद्या दमट, जास्तच थंड पहाटे यंत्र बाहेरचे दव-बर्फ काढायला चार मिनिटे गप्प बसले की ‘बिघडला, गॅस गेला’ म्हणून फोन जातो. ते बिघडलेले नसते, त्याला थांबू द्यायचे असते.

कूलर असताना हे सगळे कशाला, असेही कोणी म्हणेल. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम, त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. जुलै ते सप्टेंबरच्या दमटात तो पाणी उडवण्यापलीकडे काही करत नाही, म्हणूनच लोक एसीकडे वळतात.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आणि वेळेचा आहे, आणि तो मेकॅनिकच्या बाजूने आहे. दुकानदाराने ‘मोफत इन्स्टॉलेशन’ सांगितलेले असते. एप्रिलमध्ये एका माणसाला दिवसाला सहा-सात घरे दिलेली असतात, पैसे नगावर मिळतात. पंप, मायक्रॉन गेज, टॉर्क पाना, नायट्रोजनचा सिलिंडर त्याने स्वतःच्या खिशातून आणायचा आणि तीन मजले चढवायचा. वर घरमालक विचारणार : अजून किती वेळ? अशा माणसाला आळशी म्हणणे अन्याय आहे आणि मी तसे म्हणत नाही. पण या आक्षेपातून निष्कर्ष काय निघतो? काम अनावश्यक आहे असा निघत नाही, कामाची मजुरी चुकीच्या ठिकाणी दिली जाते असा निघतो. आज गिऱ्हाईक बसवण्याचे काहीच देत नाही आणि गॅसचे दरवर्षी देते. म्हणजे चांगले बसवणाऱ्याला तोटा आणि कच्चे बसवणाऱ्याला वार्षिक उत्पन्न, अशी ही व्यवस्था आहे. तिचा दोष दुकानदाराकडे, कंपन्यांकडे आणि फुकटाला भुलणाऱ्या आपल्याकडे आहे. मार्च २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. प्रशिक्षित हाताला त्याच्या वेळेचा मोबदला मिळाला नाही, तर प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि गच्चीवर पुन्हा फुस्सच होते. गिऱ्हाइकाच्या हातात एक सोपी गोष्ट आहे : एसी डिसेंबर-जानेवारीत बसवून घ्यावा. मेकॅनिकला सवड असते, घाई नसते, आणि हॉट अँड कोल्ड असेल तर तेव्हाच चालवून बघता येतो. थंडीत ओलावा वाफ व्हायला वेळ लागतो, म्हणून व्हॅक्यूम थोडे जास्त वेळ चालवावे लागते. तो वेळ नेमका तेव्हाच उपलब्ध असतो.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. काही यंत्रांत गळती जोडात नसते. आतल्या कॉइलच्या तांब्याला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि कितीही नीट बसवले तरी गॅस निसटतो. असे घडते. पण त्याचेही उत्तर दरसाल गॅस भरणे हे नाही, कॉइल बदलणे हे आहे, आणि ती वॉरंटीत असेल तर कंपनीकडून. ‘गॅस संपतोच’ असे मानणारा माणूस हा हक्क कधी मागतच नाही. निसटलेला गॅस कुठे नाहीसा होतो असेही नाही. आर-३२ ची तापमानवाढ करण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. एका घरातला किलोभर गॅस हवेत गेला की पावणेसातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्तीला मान्यता दिली आहे आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने या वायूंचा वापर २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी उतरवायचा आहे. गळक्या यंत्रांत दरवर्षी ओतला जाणारा गॅसही त्याच हिशेबात मोजला जाणार आहे.

तेव्हा मेकॅनिकला पाणी विचारताना आणखी चार गोष्टी विचाराव्यात : व्हॅक्यूम पंप आणला आहे का, काटा किती मायक्रॉनला थांबला, नळी किती मीटर झाली, वरून किती ग्रॅम भरला. त्याने वेळ घेतला तर वेगळे पैसे द्यावेत, आणि ही उत्तरे तारखेसह आउटडोअरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून घ्यावीत. पुढे कोणी ‘गॅस संपला’ म्हणाला, तर आधी फिल्टर दाखवायला सांगावे, मग फेस लावून बुडबुडा दाखवायला सांगावे, आणि तो दिसेपर्यंत सिलिंडर उघडू देऊ नये.